भिंतीवरून उतरवलेली बॅटरी

मी, खाली सही करणारी, वय चौसष्ट, अविवाहित, घरपट्टी खात्यातून निवृत्त झालेली मोजणी निरीक्षक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हे लिहिण्यासाठी माझ्यावर कुणाचाही दाब नाही. निदान कुणा जिवंत माणसाचा तरी नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखं काही नाही.

गल्लीत मला फीतबाई म्हणतात. चौतीस वर्षं मी लोकांच्या घरांची लांबीरुंदी मोजली. माझी ओळख पटवायला एवढं पुरे व्हावं.

कलम एक. माझ्या धाकट्या भावाला माझी तीस मीटरची पोलादी फीत द्यावी. दुसरं काही देऊ नये. आईच्या माघारी वाटणी झाली तेव्हा त्याने अंगण पावलांनी मोजलं. स्वतःचा हिस्सा मोजताना त्याची पावलं लांब पडत होती, माझा मोजताना आखूड. मी खात्यात निरीक्षक असूनही गप्प बसले. फीत शाबूत आहे. पुन्हा मोजून बघावंसं वाटलं तर बघावं.

कलम दोन. बँकेतली ठेव माझ्या भाचीला. ती नर्स आहे, दिवसभर उभी असते. या पैशातून तिने आधी चांगले बूट घ्यावेत, मग काय ते.

कलम तीन. माझी स्कूटर वायरमनला. तो आमच्याच गल्लीत राहतो आणि हल्ली पंखे नि मिक्सर दुरुस्त करतो. पूर्वी सोलर बसवायचा. ते काम त्याच्या हातून का गेलं हे पुढे येईल.

कलम चार. छपरावरचे आठ पॅनल, जिन्यातला इन्व्हर्टर आणि मागच्या भिंतीवरची बॅटरी घराबरोबर जाईल. अट एकच. बॅटरी बोल्टने भिंतीला पक्की बसवलेली आहे. ती कुणीही, कोणत्याही कारणाने, कोणाच्याही सांगण्यावरून उतरवू नये. वर्षाची घरपट्टी आली की कार्यालयातला कोणी हुशार माणूस काही सुचवेल. त्याला चहा पाजावा आणि वाटेला लावावं.

कलम पाच. माझं राहतं घर, दोन मजले, समोरच्या शिंपी मास्तरांच्या मुलीला द्यावं. ती माझी कोणी लागत नाही. हा निर्णय का, हे लिहिणं मला भाग आहे.

समोरच्या घरात पुढच्या खोलीत मास्तरांचं दुकान होतं, मागच्या खोल्यांत मास्तर आणि त्यांची बायको; गल्ली तिला वहिनी म्हणे, मास्तर राणीसाहेब. मुलगी लग्न होऊन शहराच्या पलीकडच्या टोकाला गेलेली. वहिनींना दमा होता. दुपारी वाफेचं यंत्र लावावं लागे, आणि वीज तर नेमकी दुपारीच जाई. म्हणून मास्तरांनी छपरावर पॅनल घेतले आणि बॅटरीही घेतली. वायरमनने ती मागच्या बाहेरच्या भिंतीवर बसवून दिली, वर पत्र्याचं छोटं छप्परही केलं. काम नीटनेटकं होतं. मी मोजायला गेले तेव्हा पाहिलं आहे.

त्या वर्षी फेरमोजणी होती. मास्तरांनी विचारलं, "बाई, सोलरला सूट आहे ना?"

"पॅनलला आहे. बॅटरीचं नियमात काही लिहिलेलं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे सूट नाही. भिंतीला बोल्टने बसवलेली वस्तू बांधकामात धरतात. घराची किंमत वाढली, की घरपट्टी वाढली."

"किती वाढेल?"

मी आकडा सांगितला. वर्षाकाठी एका शर्टाच्या शिलाईइतका.

मास्तर म्हणाले, "एवढंच ना? भरतो की."

माझं काम तिथे संपलं होतं. वहीत नोंद करायची आणि पुढच्या घरी जायचं. पण मला नियमातली फट दाखवायला फार आवडायचं. त्याला मी लोकांना मदत करणं म्हणत असे.

मी म्हटलं, "कशाला भरता, मास्तर? भिंतीवरून उतरवा, आत जमिनीवर ठेवा. जमिनीवर ठेवली की ती सामान झाली. कपाटावर कुणी घरपट्टी लावतं का? फक्त शुक्रवारच्या आत तसा अर्ज आणून द्या, शिक्का मी मारते."

मास्तर हसले. "बाई, तुम्ही फार हुशार आहात," म्हणाले. वहिनी दारात होत्या, त्याही हसल्या.

मास्तरांनी वायरमनला फोन केला. तो म्हणाला, सोमवारी येतो, तोवर हात लावू नका. पण मी शुक्रवार सांगितला होता. मास्तरांनी शुक्रवारी सकाळी स्वतःच बॅटरी उतरवली, आत आणून कापडं बेतायच्या टेबलाखाली ठेवली आणि वायरी पुन्हा जोडल्या, कारण दुपारी वहिनींना वाफ लागणार होती. टेबलाखाली चिंध्यांची पोती असत.

दुपारी ते कार्यालयात माझ्या खिडकीसमोर अर्ज घेऊन उभे राहिले. शिक्क्याची शाई सुकली होती. मी शिपायाला नवीन शाई आणायला पाठवलं आणि मास्तरांना म्हटलं, "बसा हो, काय घाई आहे?" ते बसले. गिऱ्हाइकांच्या दोन गोष्टी सांगितल्या. पोचपावतीवर वेळ आहे दोन वाजून चाळीस मिनिटं. मूळ अर्ज आणि त्या पावतीची प्रत लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात निळ्या फाइलमध्ये आहे. पाहणाऱ्याने पाहावी. शिक्का स्पष्ट उमटला आहे.

आग अडीचच्या सुमारास लागली. वहिनी आतल्या खोलीत झोपल्या होत्या. दुकानातूनच बाहेर यायची वाट होती.

संध्याकाळी मुलगी आली. गल्ली माणसांनी भरली होती. मी मास्तरांपासून तीन पावलांवर उभी होते. मुलगी त्यांना विचारत होती, "घरपट्टी वाचवायला? बाबा, एवढ्याशासाठी?"

"हो."

"पण हे डोक्यात कुणी घातलं तुमच्या? तुम्ही असले नाहीत."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मग खाली पाहिलं. "कुणी नाही," म्हणाले. "माझंच डोकं."

मी तोंड उघडलं नाही. एका वाक्याचं काम होतं. शेजारी कुणीतरी "बिचारी वहिनी" म्हणालं, तेव्हा मीही मान हलवली.

दिवसकार्य उरकून मुलगी गेली, ती मास्तर असेपर्यंत परत आली नाही. वायरमनला लोकांनी काम देणं बंद केलं. मास्तरांनी सगळ्यांना सांगितलं की बॅटरी मी काढली, त्याचा दोष नाही. पण बसवणाऱ्याच्या नावाने बोटं मोडायची ती लोकांनी मोडलीच.

दोन महिन्यांनी घरपट्टीचं बिल आलं. मास्तर ते घेऊन माझ्या दारात आले. टोमणा मारायला आले असते तर बरं झालं असतं. त्यांचा आवाज अगदी साधा होता. "तुमचं म्हणणं बरोबर निघालं, बाई. बॅटरी धरलेली नाही."

त्यानंतर दुसऱ्या वर्षी नियमात पॅनलच्या पुढे तीन शब्द वाढवले: आणि साठवणुकीची बॅटरी. परिपत्रकाची प्रत टेबलाटेबलावर मीच वाटली.

मास्तरांचे पॅनल आणि बाहेरचा इन्व्हर्टर आगीतून वाचले होते. त्यांनी ते भंगारवाल्याला दिले. मी त्याच्याकडून विकत घेतले आणि माझ्या छपरावर चढवले. का, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. मास्तर समोरून बघत होते. थोड्या वेळाने गल्लीतून हाक मारून म्हणाले, "थोडा कल वाढवा, ऊन जास्त मिळेल."

इन्व्हर्टरच्या पडद्यावर घराचं नाव घालायची सोय असते. मास्तरांनी घराचं नाव घातलं नव्हतं. सकाळी पहिलं ऊन पॅनलवर पडतं, जिन्यात एक बारीक आवाज होतो आणि पडद्यावर हिरव्या अक्षरांत येतं: राणीसाहेब, उठा. ते कसं पुसायचं हे मला माहीत आहे. रोज सकाळी मी अंथरुणात पडून त्या आवाजाची वाट बघते. ढग असले की तो उशिरा येतो, आणि तोवर मला श्वास पुरत नाही.

मास्तर पुढच्या खोलीची डागडुजी करून तिथेच पाच वर्षं राहिले. रोज दिसत. "पाणी आलं का?" "आलं." आमचं बोलणं एवढंच. दोन वर्षांपूर्वी ते गेले. मुलगी आली, कोरड्या डोळ्यांनी सगळं केलं आणि कुलूप लावून गेली.

तरी मी जाहीर करते की बॅटरी उतरवण्याचा सल्ला माझा होता, मुदत मी सांगितली होती आणि मास्तर कर भरायला तयार होते. मुलीने हे वाचावं, म्हणून घर तिच्या नावे.

पुरवणी

वरील मजकूर लिहून झाल्यावर साक्षीदार म्हणून मी डॉक्टरांना आणि वायरमनला बोलावलं. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते. डॉक्टरांनी सही केली आणि दवाखान्यात गेले. वायरमन मात्र खुर्ची ओढून वाचत बसला. स्कूटरपर्यंत आला तेव्हा हसला. पाचव्या कलमाला त्याने पेन खाली ठेवलं.

मग म्हणाला, "शुक्रवार कुठून आला, ते मला कधी कळलंच नव्हतं."

"काय?"

"सात वर्षं मी एकच विचार करतोय. सोमवार का म्हणालो? त्या दिवशी दुसरं काम होतं, पण ते टाकून जाता आलं असतं. मास्तरांना एवढी कसली घाई होती, तेच समजत नव्हतं."

त्याने कागद पुन्हा उचलला.

"आणि हे तिला वाचून कोण दाखवणार?"

"वकील. मी गेल्यावर."

"मग तिने भांडायचं कुणाशी, बाई? वकिलाशी?" तो उठला. "आधी सांगून या. मग सही करतो. आणि ते स्कूटरचं कलम खोडा. साक्षीदाराला काही घेता येत नाही, एवढं मलाही कळतं."

कलम तीन त्याच्यासमोर खोडलं आहे. स्कूटर विकून टाकावी.

मास्तरांची मुलगी औषधांच्या दुकानात काउंटरवर असते. मी गेले तेव्हा गर्दी होती. मला बघून म्हणाली, "मावशी, चिठ्ठी द्या." मी म्हटलं, चिठ्ठी नाही, बोलायचंय. गिऱ्हाइकं संपेपर्यंत मी बाकावर बसले. मग काउंटरच्या अलीकडून, उभ्या उभ्याच सांगितलं. वर लिहिलं आहे तेवढंच, त्याच क्रमाने.

तिने ऐकताना हातातली गोळ्यांची पाकिटं एकावर एक रचली. मग विचारलं, "म्हणजे बाबा भरतो म्हणाले होते?"

"हो."

"आणि त्या दिवशी तुम्ही तिथेच उभ्या होतात."

"हो."

"मी त्यांना पाच वर्षांत एक फोन केला नाही, मावशी." आवाज चढला नाही. "त्यांनी केले, तर मी उचलले नाहीत. आता हे मी कुठे ठेवू?"

मी घराचं सांगितलं. ती म्हणाली, "तुमच्या घरात मला झोप लागेल का? नको. जा तुम्ही."

परत येताना मला हलकं वाटायला हवं होतं. पण माझ्या डोक्यावरचं मी तिच्या डोक्यावर ठेवून आले होते, आणि माझ्याकडचं तिळभरही कमी झालं नव्हतं. वायरमनला तसं सांगितलं. तो म्हणाला, "तिचं होतं, तिला दिलंत. हलकं वाटेल असं मी म्हणालो होतो का?" आणि सही केली.

सबब कलम पाचमध्ये बदल: मुलीने नकार दिल्याने घरही भाचीला जावं. कलम चारमधली अट तिला लागू राहील.

आणखी एक नोंद, जिचा मालमत्तेशी संबंध नाही.

पुढच्या रविवारी सकाळी मुलगी आली. चप्पल काढली, वर आली, खिडकीजवळच्या खुर्चीत बसली. तिथून मास्तरांचं कुलूप लावलेलं दार समोर दिसतं. चहा नको म्हणाली.

"तुम्हाला इथून ते दिसायचे?"

"रोज."

"सकाळी किती वाजता उठायचे?"

मी सांगितलं. पाच वर्षं मी त्या घरावरून नजर काढली नव्हती, आणि मोजणी करणाऱ्या बाईच्या लक्षात सगळं राहतं. पहिल्या महिन्यात ते मशीनला हात लावत नव्हते. मग एक दिवस शेजारणीची उसवलेली पिशवी शिवून दिली. दूध ओतू जायचं. उन्हात बसून पायांना तेल लावायचे. फोन हातात घेऊन दारात उभे राहायचे, हे मी सांगणार नव्हते, पण तिने विचारलं तेव्हा सांगितलं. ती उठून गेली. पुढच्या रविवारी परत आली.

आता दर रविवारी येते, कधी तिची चार वर्षांची मुलगी सोबत असते. तिने मला माफ केलेलं नाही, तसा विषयही निघत नाही. ती विचारते, मी सांगते. क्रमाने, काही न गाळता. आम्ही अजून दुसऱ्याच वर्षात आहोत. तिसऱ्या वर्षी मास्तरांनी अगदी लहान मुलीचा एक पिवळा फ्रॉक शिवला आणि महिनाभर खिडकीत टांगून ठेवला होता. तो कुणासाठी, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. ते सांगायचा रविवार अजून आलेला नाही.

हे सर्व मी वाचून पाहिलं, खाडाखोड माझी आहे, आणि साक्षीदारांनी माझ्या देखत व मी त्यांच्या देखत सही केली आहे. पुरवणीसाठी दोघांनी आज पुन्हा सह्या केल्या.

मृत्युपत्र करणार: (सही) निवृत्त मोजणी निरीक्षक, उर्फ फीतबाई

साक्षीदार पहिले: (सही) गल्लीच्या तोंडाशी दवाखाना असलेले डॉक्टर

साक्षीदार दुसरे: (सही) वायरमन, ज्यांना या मृत्युपत्रातून काहीही मिळायचं नाही

ठिकाण: राहतं घर, वरचा मजला, खिडकीजवळची खोली
दिनांक: सात ऑक्टोबर, मंगळवार, सकाळी अकरा