मंडळाच्या अहवालातला दाखला

डिलाईल रोड, मुंबई
३० जुलै २०२५

चि. आकांक्षास बकुळाआत्याचे पोटभर आशीर्वाद.

वि. वि. तुझं पत्र पावलं. फोनवर मला अर्धंच ऐकू येतं, त्यामुळे पत्राचीच वाट बघते. हैदराबादला नीट जेवतेस ना, की नुसतीच वाचतेस?

आपल्या चाळीतल्या गिरणीवाल्यांवरचा तुझा लेख झोपेचे डॉक्टर वाचतात, हॉस्टेलं बांधणारे वाचतात, कंप्युटरवाले त्याचा दाखला देतात. पण तुझ्या समाजशास्त्रात कुणी नाव घेत नाही, म्हणून प्राध्यापकाची जागा हुकेल असं लिहिलंस. माझं डोकंच फिरलं गो! एका वळकटीवर तीन पाळ्यांची माणसं आळीपाळीने कशी झोपायची, हे डॉक्टरांना कळतं आणि तुझ्या शास्त्रवाल्यांना कळत नाही?

मग मी सेक्रेटरी धनेशला गाठलं. मंडळाचा गणपतीचा अहवाल छापायला चालला होता, त्यात तुझ्या लेखावर अख्खं पान घालायला लावलं. घे दाखला! माणसांची नावं तू विसरलीस, नुसतं अ, ब करून ठेवलंस. तेही दुरुस्त करून दिलं. अ म्हणजे दगडूकाका, ब म्हणजे चिंतामणी, असं. प्रत पाठवतेय, मुलाखतीत खुशाल दाखव.

तब्येतीला जप.
तुझी आत्या

हैदराबाद
५ ऑगस्ट २०२५

ती. आत्यास शि. सा. न.

अगं आत्या, काय करून बसलीस! पान वाचून आधी पोट धरून हसले आणि मग घामच फुटला. नावं विसरले नव्हते, मुद्दाम लपवली होती. आमच्यात तसा नियम असतो, मी सगळ्यांना शब्द दिला होता. रात्रपाळीचे दगडूकाका दारात ताटकळायचे आणि चिंतामणीकाका जागे असूनही घोरायचं सोंग करून वळकटी सोडायचे नाहीत, हे त्यांनी मला विश्वासाने सांगितलं होतं. आता कुणी तक्रार केली तर प्राध्यापकी राहिली बाजूला, आहे ती नोकरीही जाईल.

अहवाल वाटू नकोस. आणि नाव छापलेलं चालेल का, हे एकेकाला विचार गं, प्लीज. मुलाखत अठरा तारखेला आहे.

माया आहेच, रागवू मात्र नकोस.
आकांक्षा

डिलाईल रोड
९ ऑगस्ट २०२५

चि. आकांक्षास आशीर्वाद.

अहवाल वाटून झाले बाय. तुझं पत्र वाचलं आणि तशीच चपला घालून घरोघर गेले. दगडूकाका भडकलेलेच होते. म्हणाले, गिरणीत जन्मभर बिल्ल्याचा नंबर होतो, पोरीने लेखात परत अ केलं! नाव राहू दे, उलट मोठं छाप म्हणाले. मग काठी घेऊन चिंतामणीकडे गेले, इतक्या वर्षांच्या झोपेचा हिशेब मागायला. अख्खी गॅलरी जमली. शेवटी दोघं चहा प्यायले आणि हसून हसून चिंतामणीला ठसका लागला.

सगळ्यांनी परवानगीच्या कागदावर सह्या केल्यात, सोबत पाठवतेय. तुझ्या लेखातली शेवंती विचारतेय, तिचा फोटो का नाही.

मुलाखतीला साडी नेस. धीर सोडू नकोस.
आत्या

हैदराबाद
२२ ऑगस्ट २०२५

ती. आत्यास शि. सा. न.

मुलाखतीत नको तोच प्रश्न आला: तुमच्या स्वतःच्या विषयात तुमचा दाखला कोण देतं? मी अहवाल आणि सह्यांचा कागद पुढे ठेवला. एक गृहस्थ म्हणाले, असला दाखला धरता येत नाही. मी म्हटलं, नका धरू. पण माझा विषय ही माणसं आहेत, आणि त्यांनी लेख वाचला, त्यावरून भांडली, आणि हे आम्हीच असं छापून सांगितलं.

अध्यक्षबाई तोवर अहवाल वाचत चिंतामणीकाकांपाशी पोचल्या होत्या. त्यांनी ते सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं आणि खोलीभर हशा झाला. मग त्यांनी विचारलं, अ, ब नंतर एकदम ड कसा? लेखातली क कुठे आहे?

आत्या, तेव्हा माझ्या लक्षात आलं. सगळ्यांची नावं घातलीस आणि खाणावळ चालवणारी, वळकट्या सगळ्या माणसांना देऊन स्वतः स्टोव्हपाशी भिंतीला टेकून झोपणारी बाई तेवढी गाळलीस. क म्हणजे माझी आत्या, असं मी बाईंना सांगितलं.

काल पत्र आलं. मी प्राध्यापक झाले गं!

लेख आता मराठीत पुस्तकरूपाने निघतोय, खऱ्या नावांनी. सगळ्यांच्या सह्या आल्या, तुझी नाही. गणपतीला घरी येतेय, समोर बसवून घेणार आहे. तुझं नाव पहिलं आहे.

अशीच माया असू दे.
तुझी आकांक्षा