परातीतली गोळी

मु. डोंगरतुकुम, ता. नागभीड
३ मार्च २०२५

चि. सौ. मैना हिस,
इस्तारीभाऊचे मनापासून आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. तुझ्या टोल्याच्या वस्तीवर टॉवर नाही आणि आमचा फोन लेक आचलबरोबर ब्रह्मपुरीला कॉलेजात असतो, म्हणून पत्र. शिवाय जे सांगायचे आहे ते फोनवर मला सांगता आले नसते.

यंदा महाशिवरात्रीला बचत गटाच्या बायांनी ठरवले, की गावातल्या प्रत्येक पुरुषाने आपले व्यसन महादेवासमोर परातीत टाकायचे आणि पिंडीवर हात ठेवून शपथ घ्यायची. कुणी तंबाखू-सुपारीचा खर्रा टाकला, कुणी बिड्या. आपल्या नथ्थूने खर्र्याची पुडी ठेवताना असा चेहरा केला, जणू पोरगी सासरी धाडतो आहे. त्यावर बचत गटातली सुकरीबाई सगळ्यांदेखत म्हणाली, की नथ्थूभाऊ, दुसऱ्या खिशातलं पण काढा, तो खिसा देवाले दिसत नाई का. फार हसले लोक.

मग परात माझ्यापुढे आली. मी भजनात पुढे बसणारा, टाळ माझ्या हाती, आणि टाकायला माझ्याजवळ काहीच नव्हते. मी कधी पानसुद्धा खाल्ले नाही. सगळे पाहत होते. मनात आले, आपल्याला रोज जिच्यावाचून चालत नाही अशी वस्तू कोणती? ती डॉक्टरची गोळी. दोन वर्षे झाली, एक दिवस चुकला नाही. खिशात पाकीट होते. ते परातीत ठेवले आणि पिंडीवर हात ठेवला. नथ्थू म्हणाला, की भाऊ, आमचं व्यसन पानठेल्यावर भेटते, तुमचं मेडिकलात. कुणी अधिक विचारले नाही. रीताला तर ती बी.पी.ची गोळी म्हणूनच माहीत आहे.

पहिले दोन दिवस फार हलके वाटले. आता मात्र मान वळवली की डोक्यात करंट बसतो. नुसते डोळे फिरवले तरी बसतो, ओठांपर्यंत झिणझिण्या येतात. काही लोक तारेने पाण्यात वीज सोडून मासे मारतात ना, त्या माशांना काय होत असेल ते आता कळते. दोन वर्षांचे विष निघते आहे असे मी समजतो. निघून जाईल.

जावईबापूंना नमस्कार. तुझी माया आहे तशी राहू दे.
तुझा भाऊ,
इस्तारी


येरमटोला, ता. एटापल्ली
१२ मार्च २०२५

ती. भाऊस,
मैनाचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. नमस्कार केला, आता भांडते.

तुझं पत्र काल आलं. अंगणवाडीत पोरांची खिचडी चुलीवर होती, वाचता वाचता ती खाली लागली. ते पाप तुझ्या डोक्यावर. तसंही सध्या पोरं कमीच असतात. मोहफुलं पडायला लागलीत, आया पहाटेच जंगलात जातात आणि पोरांनाही नेतात.

खर्रा आणि औषध एका परातीत कसं बसलं, भाऊ? रोज लागतं ते सगळं व्यसन, तर उद्या भातही टाकून ये. मी पोरांची वजनं घेणारी बाई, मला त्या गोळीतलं फार कळत नाही. पण डॉक्टर तेव्हा माझ्यादेखत म्हणाले होते, की बरं वाटलं तरी ही आपल्या मनानं बंद करायची नाही. मला आठवतं, कारण त्याच्या आदल्या दिवशी तलावाच्या पाळीवर बसून मी तुझा सदरा पिळला होता. रीतावहिनीला आपण सांगितलं, पाय घसरला. ते खोटं मी दोन वर्षं सांभाळलं, तू गोळी घेशील या भरवशावर.

आजच्या आज ब्रह्मपुरीला जा. डॉक्टरला विचारून पुन्हा सुरू कर. तोवर तलावात डोंगा घेऊन एकटा जाऊ नकोस. पुढच्या महिन्यात एटापल्लीला माझी मीटिंग आहे, तेव्हा तिथल्या डॉक्टरलाही विचारीन.

भाऊ एकच आहे मला. एवढं लक्षात ठेव, बाकी विसरलास तरी चालेल.
तुझी,
मैना


डोंगरतुकुम
२२ मार्च २०२५

चि. मैनास,
आशीर्वाद. तुझे पत्र मिळाले. काळजी करू नकोस.

रीता मजेत आहे. आचलची परीक्षा जवळ आली. तलावात सध्या मरळ कमी लागते, म्हणून मी जाळे टांगून ठेवले आहे. डोंग्याचा प्रश्नच नाही.

गोळीचे म्हणशील, तर हात पिंडीवर ठेवला होता. माणसाला दिलेला शब्द माणूस समजून घेईल. देवाला काय म्हणू, की तुझ्यापेक्षा मेडिकलवाला बरा? त्रास आहे, नाही असे नाही. पण परीक्षा म्हटली की त्रास असायचाच. गावातली जुनी माणसे माझ्या त्रासाबद्दल काही वेगळेच बोलतात. ते खरे असेल का, हे मी सध्या रोज स्वतःला विचारतो. भेटीत सांगेन.

लोभ असू दे, रागही असू दे.
इस्तारी


डोंगरतुकुम
२ एप्रिल २०२५

मैनाबाईले रीताचा नमस्कार.
मी सातवी शिकली, चुकलं-माकलं समजून घ्या. तुमच्या भावानं तुमाले काय लिवलं ते मले ठाऊक नाई, पण खरं नसन लिवलं.

मागच्या महिन्यात डोंगा पलटला. डोकं गरगरलं म्हणे. नथ्थूभाऊ पाळीवर होते म्हणून बाहेर काढलं. तवापासून जाळं खुंटीले हाये. जेवण पोटात राहत नाई. बसल्या जागी घाम येऊन सदरा ओला होते. देवळाची घंटा वाजली का रडतेत. भात गरम हाये म्हणून परवा ताट भिंतीवर फेकलं. पंचवीस वर्सांत या माणसानं आवाज चढवला नवता, बाई.

भजनात त्यायच्या डोक्याले तीन हिसके आले, टाळ खाली पडले. म्हातारे म्हणाले, का देव अंगात येऊन राह्यला. पाडव्यापासून त्यायले पिपराच्या झाडाखाली पाटावर बसवतेत, कुंकू लावतेत. बाया नारळ घेऊन येतेत, विचारतेत. हे काई बोलत नाई, नुसते रडतेत. बाया तेच उत्तर समजतेत. मी म्हटलं, काऊन बसता तिथी? तर म्हणतेत, देवच असन तर मी उठणारा कोण.

पाडव्यालेच सोमारी आली. सुकरीबाईची सून. तिले लहानपणापासून मिरगी हाये, सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या खाते. तिनं गोळ्याची पिशवी यांच्या पायावर ठेवली अन् म्हणाली, भाऊनं गोळी सोडली तर त्यायले देव भेटला, मलेही भेटो. हे त्या पिशवीकडे पाहत राह्यले. काई बोलले नाई. सुकरीबाईनं पिशवी उचलून तलावात टाकली.

मले भेव वाटते. बी.पी.ची गोळी बंद केली तर माणूस असा होते का? तुमाले ठाऊक असन तर लवकर लिवा. मी तुमाले लिवलं हे त्यायले सांगू नका.
तुमची,
रीता


एटापल्ली
११ एप्रिल २०२५

ती. भाऊस आणि सौ. रीतावहिनीस,
नमस्कार. वहिनी, तुम्ही सांगू नका म्हटलं होतं, पण मी सांगते. हे पत्र दोघांनी एका जागी बसून वाचायचं आहे.

आज मीटिंगला आले. आचलला तीनदा फोन लावला, बंद आहे. पेपर असेल तिचा. म्हणून डॉक्टरला भेटून पोस्टातच बसून लिहिते.

वहिनी, ती गोळी बी.पी.ची नाही. मनाच्या आजाराची आहे. दोन वर्षांपूर्वी भाऊचा पाय घसरला नव्हता. तो स्वतःहून पाण्यात उतरला होता. मी तुम्हाला खोटं सांगितलं, मला माफ करा.

भाऊ, डॉक्टर म्हणाले, की तो करंट विष नाही आणि देवही नाही. अशी गोळी एकदम बंद केली की कितीतरी लोकांना हे होतं. चक्कर, घाम, ओकारी, रडू, चीड, सगळं यातलंच. ती सोडताच येत नाही असंही नाही. पण डॉक्टरच्या देखरेखीखाली, थोडी थोडी कमी करत, महिने लावून. आणि ज्यानं एकदा जिवाचं बरंवाईट करायला पाहिलं, त्यानं तर एक दिवसही थांबू नये, सरळ दवाखाना गाठावा.

आता दुसरं. मिरगीची गोळी एकदम थांबवली तर झटका येऊन माणूस दगावतो. हे पत्र हातात पडेल तसा, चप्पल घालायलाही न थांबता सोमारीकडे जा. तिला तुझ्या तोंडून सांग. ती दुसऱ्या कुणाचं ऐकणार नाही.

उत्तर पाठव. मी वाट पाहते, एवढंच लिहिते.
मैना


डोंगरतुकुम
२१ एप्रिल २०२५

चि. मैनास,
आशीर्वाद लिहायला आज हात कचरतो, तरी आशीर्वाद.

तुझे पत्र अठरा तारखेला आले. सोमारी आठ तारखेला गेली.

सकाळी घाटावर भांडी घासत होती. तिथे पाणी गुडघाभर. लांबून बायांना वाटले, वाकून काही शोधते आहे. नथ्थू मला बोलवायला आला, कारण पाण्यातले माणूस काढायचे तर आपण मासे धरणारे ढीवरच काढतो. तोंड पाण्यात बुडालेले होते. उचलली तेव्हा हातात अजून राख होती. घासलेली पातेली तिने काठावर ओळीने उपडी ठेवली होती, एक तेवढे राहिले होते. त्या वेळीही माझ्या डोक्यात करंट बसत होता, मैना. तिला धरून मी पाण्यात उभा, आणि मला कळले, की हिला जे झाले आणि मला जे होते त्यात देव कुठेच नाही.

पाडव्याला तिने पिशवी पायावर ठेवली तेव्हाच हे चुकते आहे असे मला ठाऊक होते. त्या क्षणी म्हणायला हवे होते, की पोरी, उचल. मी गप्प राहिलो. एक शब्द बोललो असतो तर पाटावरून उतरावे लागले असते.

सोमारी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी रीताला घेऊन ब्रह्मपुरीला गेलो. बसमध्ये तिला सगळे सांगितले. म्हणजे तुझे पत्र येण्याआधीच तिला माझ्याकडून कळले होते. उतरताना ती म्हणाली, की तुमी पाय घसरला म्हणालात, म्हणून मी दोन वर्सं त्या पाळीवर रोज राख टाकून येत होती, पुन्हा घसरू नये म्हणून. मग दवाखान्यात पोहोचेपर्यंत ती माझ्यापुढे चालत होती.

डॉक्टर रागावले. गोळी सोडावीशी वाटली म्हणून नाही; न विचारता एकदम सोडली म्हणून. पुन्हा सुरू केली आहे, दर पंधरवड्याला दाखवायला जायचे आहे. करंट कमी झाला, गेला नाही. पुढे कधी सोडायची झाली तर तेच चतकोर चतकोर कमी करतील.

हनुमान जयंतीला सगळे गाव देवळात असताना उभा राहिलो. सांगितले, की माझ्या अंगात कोणी आले नव्हते, औषध तोडल्याने डोके हिसके देत होते. शपथ मोडल्याचेही सांगितले. देवाने गोळी मागितलीच नव्हती. परात समोर आली तेव्हा रिकाम्या हाताची लाज मला वाटली, आणि ती झाकायला मी देवाचे नाव घेतले. मला वाटले होते, लोक शिव्या देतील. कुणीतरी द्यायलाच हव्या होत्या. पण कुणी म्हणाले, देव भाऊले सोडून गेला म्हणून असं बोलते. कुणी म्हणाले, सोमारीले देवानंच नेलं, भाऊचा काय दोष. घरी जाताना दोघी-तिघी माझ्या पाया पडून गेल्या.

काल दुपारी सुकरीबाई आली. सून गेल्यापासून घराबाहेर पडली नव्हती. तिच्या हातात तिच्या स्वतःच्या बी.पी.च्या गोळ्या होत्या. विचारू लागली, की मीच माझ्या हातानं तिची पिशवी तलावात टाकली, आता माझीही टाकू का, मले तिच्यामागं जायाचं हाये. मी म्हटले, बाई, मी देव नाही, औषध खा, मी स्वतः खातो. ती ऐकेना. पायावर डोके ठेवून पडून राहिली. रीता बोलली, नथ्थू बोलला. तिचे एकच, की देव सांगन तेच करीन.

तेव्हा मी पिपराखाली जाऊन पाटावर बसलो. डोक्याला आपल्या मनाने तीन हिसके दिले, पहिल्यांदा आले होते तसे. आणि बदलल्या आवाजात म्हणालो, की गोळी रोज खायची, ही माझी आज्ञा आहे.

ती लगेच उठली. माझ्या लोट्यातले पाणी घेऊन तिने गोळी गिळली आणि हात जोडले. खरे सांगितले ते गावाने घेतले नाही. सोंग केले ते तिने घेतले. हे पाप किती मोठे, ते मला मोजता येत नाही, आणि डॉक्टरला विचारण्यासारखेही नाही.

जाताना म्हणाली, की आता रोज इथी येऊन, देवासमोरच खाईन. आज आली होती. उद्याही सकाळी येईल, तेव्हा पाट मांडून ठेवायला हवा.

तू रागावली असशील. रागावूनच लिही, पण लिहीत जा.
तुझा भाऊ,
इस्तारी