गुडघ्याचं औषध

चांदीप

प्रिय टिफनी,

ग्राउंडच्या गेटवर तू मला सगळ्यांसमोर झापलंस, ते बरंच केलंस. दोन वर्षांची बंदी मुकाट्याने घेतेय म्हणजे हिने नक्की काहीतरी खाल्लं असणार, असं क्लबमधल्या पोरी आता उघड बोलतात. याच माझे जुने धावायचे स्पाइक्स मागायच्या. रोनाल्ड सरांनी तर, आपले कोच असून, माझा फोन उचलणंच सोडलंय. आत येऊन सराव करायची सोय नाही, आणि इथे भात झोडताना पाय नुसते शिवशिवतात. इतका संताप येतो की काय सांगू.

तुला माहितेय, सर्दी झाली तरी सरांना विचारल्याशिवाय मी गोळी घेत नव्हते. पाण्याची बाटलीसुद्धा सील बघून फोडायचे. ताटातलं मात्र कोण तपासतं गं? गेल्या हंगामात माझा गुडघा धरला, तेव्हा आईने बाजारातल्या एका वैदूकडून जडीबुटीची पावडर आणली. मी कडू घेत नाही, म्हणून मला न सांगता रोज सकाळच्या पेजेत कालवली. मी मेडल घेऊन आल्यावर तिने मोठ्या कौतुकाने हे सांगितलं. पुढे डोपिंगचा रिपोर्ट आला, तेव्हा माझ्या भावाने, मितेशने, उरलेली पावडर गुपचूप तपासून आणली. तिच्यात स्टेरॉइड निघालं.

सुनावणीत हे सांगितलं असतं तर शिक्षा कमी झाली असती, वकील म्हणालाच होता. पण मग आईला जबाब द्यायला बोलावलं असतं. मी 'माहीत नाही' म्हणाले. मूर्ख म्हण हवं तर. आणि मी काही फार थोर नाही. सकाळी पेज समोर आली की वाडगा भिरकावून द्यावासा वाटतो, तरी निमूट पिते.

फोनवर बोलावं तर आई जवळच असते, म्हणून हे पत्र मितेशच्या हाती देतेय. तुझाही गुडघा दुखतोय हे तिला कळलंय. रविवारी चर्चमधला मिस्सा सुटायच्या वेळेला ती पापडीला तुझ्या घरी येतेय, त्याच वैदूकडची पावडर घेऊन. तिच्या लेखी तो झाडपाला आहे, डोपिंग म्हणजे शहरातली सुई. मी अडवलं तर म्हणाली, "तुला गुन आला तसा तिलापन येल." पुढच्या महिन्यात तुझी निवड चाचणी आहे. पुडी हसून घे, तुझ्या मम्मीच्या हाती पडू देऊ नकोस, आणि आईची पाठ वळली की गटारात ओत. ती तुझ्यापाशी रडेलही. "ज्यानं माज्या पोरीला ह्ये चारलं, त्याचे हात झडोत," असं रोज देवापुढे म्हणते, तुझ्यापुढेही म्हणेल. तू फक्त आमेन म्हणू नकोस.

तुझीच,
दिपिका