सुटायचा राहिलेला माणूस

डोंबिवली पूर्व,
रविवार दुपार

प्रिय मुकुल,

तुला अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस. आपली गाठ पडली तेव्हा मी तेहेतीस वर्षांचा होतो आणि तू एकोणतीसचा. रीतसर ओळख झाली असती तर दोघांनी एकमेकांना 'अहो' म्हटलं असतं. आता मी एकसष्टचा झालोय आणि तू अजून एकोणतीसच आहेस. चौदा वर्षं दर रविवारी तुझ्यासमोर याच प्लॅस्टिकच्या खुर्चीत येऊन बसतो, तेव्हा एवढी सलगी करायला हरकत नसावी. हरकत असली तरी तुला ती घेता येत नाही, हेही मला ठाऊक आहे.

तुला कोणी कधी नीट काही सांगितलेलं नाही, म्हणून सुरुवातीपासून सांगतो. माझं नाव गुरुदत्त. तुझ्या वेळी मला थांबासुर म्हणायचे. मी स्वतःसाठी 'कालजित' असं भारदस्त नाव शोधून ठेवलं होतं, पण कल्याणच्या एका साप्ताहिकानं थांबासुर छापलं आणि तेच चिकटलं. उजव्या हाताची दोन बोटं वर केली की समोरचा माणूस, पंखा, कपात ओतला जाणारा चहा, जे असेल ते जागच्या जागी थांबायचं. बोटं खाली केली की सुटायचं. स्टेशनबाहेर दोन रुपयांना 'लोहगरुड आणि थांबासुर' अशी चित्रकथा मिळायची, नायक तो आणि खलनायक मी, आणि स्टॅच्यू खेळताना पोरं थांबासुर कोण होणार यावरून भांडायची. मला तेव्हा याचा केवढा अभिमान होता, आता सांगायलाही लाज वाटते.

सत्त्याण्णव सालच्या मार्चमध्ये मी कल्याणला एका सराफाच्या दुकानात शिरलो. तू दारापाशीच उभा होतास, हातात छोटी लाल डबी. दुसऱ्या दिवशी तुझ्या मुलाचं बारसं होतं आणि तू चांदीचे वाळे न्यायला आला होतास, हे मला पुढे कोर्टात कळलं. तू माझ्याकडे बघून हसलास आणि विचारलंस, "वाजले किती हो?" मी उत्तर द्यायच्या ऐवजी बोटं वर केली. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. तुझ्यानंतर आतली एकतीस माणसं थांबवली. माझी एक शिस्त होती: जो पहिला थांबवला तो शेवटी सोडायचा. कारण पहिला माणूस नेहमी दाराजवळचा असतो, त्याला आधी सोडला तर तो बाहेर धावत सुटून बोंब मारतो. तर मी आतून एकेक जण सोडत आलो, अगदी टापटिपीनं. एकतीस झाले, तुझ्यावर आलो, आणि शटर फोडून लोहगरुड आत आला. त्यानं त्याचा लोखंडी पंख माझ्या उजव्या खांद्यावर हाणला आणि माझ्या हातातलं सगळं तिथेच संपलं. उलट क्रमानं सोडत बसलो नसतो तर तू दहा मिनिटांत सुटून घरच्या वाटेला लागला असतास.

चित्रकथेच्या शेवटच्या अंकात शेवटच्या चित्रात सगळी माणसं हसत दुकानाबाहेर येताना दाखवली आहेत. तुला कोणी काढलंच नाही. मला वाटलं होतं, माझी शक्ती गेली तसा तूही सुटला असशील; तू राहिलास हे तिसऱ्या दिवशी ठाण्याच्या तुरुंगात एका हवालदारानं सांगितलं. तो म्हणाला, "एक अजून उभाच हाय रे तुझा." लोक म्हणतात मी तुरुंगात सुधारलो. सुधारायला काय लागतं? दोन बोटांत काही उरलं नव्हतं आणि डोक्यात तू उभा होतास.

बाहेर आलो तो दोन हजार अकरामध्ये. पहिल्या आठवड्यात पत्ता काढून इथे आलो. दार तुझ्या बायकोनं, शुभदानंच उघडलं. मी नाव सांगितलं. ती माझ्या तोंडात मारेल किंवा शेजाऱ्यांना गोळा करेल अशी माझी तयारी होती, बरं वाटलं असतं. तिनं चपला बाहेर काढायला सांगितलं आणि मला तुझ्यापुढे आणून उभं केलं. तू टीव्हीशेजारी कोपऱ्यात, एक पाय जरा पुढे, तोंड अर्धवट उघडं, चेहरा खिडकीकडे. रोज सकाळी ती तुला कोरड्या फडक्यानं पुसायची, हे मला तेव्हाच दिसलं, कारण टीव्हीवर धूळ होती आणि तुझ्यावर नव्हती. "सोडवा," एवढंच ती म्हणाली. मी दोन तास बोटं वर-खाली करत बसलो. शेवटी तिनं चहा केला.

मग दर रविवार ठरून गेला. मला मानपाड्याच्या एका कारखान्यात पॅकिंगच्या पट्ट्यावर नोकरी मिळाली आहे. काही अडकलं की पट्टा थांबवायचं लाल बटण दाबायचं, एवढंच काम. साहेबांना हा विनोद कळला नाही आणि मीही समजावला नाही. सुट्टीच्या दिवशी इथे यायचं, तुझ्यापुढे बसायचं, बोटं हलवून बघायची. एकदा घोडबंदर रोडला जाऊन लोहगरुडाच्या पाया पडलो. हल्ली त्यानं दोन्ही गुडघे बदलून घेतलेत आणि जिमच्या फिती कापतो. म्हटलं, खांद्यावर त्याच जागी पुन्हा एकदा मार, कदाचित परत येईल. तो नको नको म्हणत होता, पण शेवटी माळ्यावरून पंख काढला त्यानं. माझ्या दोन बरगड्या मोडल्या, त्याची कंबर धरली, आणि त्याच्या बायकोनं आम्हा दोघांना शेक दिला. बाकी काही झालं नाही.

तुझा मुलगा चांगला आहे, मुकुल. बारसं दीड महिन्यानं केलं, नाव स्वानंद ठेवलं. लहानपणी शाळेतून आला की दप्तर तुझ्या पुढे धरलेल्या हातावर अडकवायचा आणि शुभदा ओरडायची. दहावीचा निकाल तुझ्यापुढे उभं राहून मोठ्यानं वाचला होता त्यानं. मी होतो तेव्हा. आता तो अठ्ठावीसचा आहे, पुढच्या वर्षी तुम्ही दोघं एका वयाचे व्हाल. देवयानी नावाची मुलगी आहे, दोघं लग्न करणार आहेत. ती पहिल्यांदा घरी आली तेव्हा तुला वाकून नमस्कार केला तिनं, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडली.

आता जे सांगायला जीभ रेटत नाही ते सांगतो. माझ्यात शक्ती होती तेव्हा थांबवलेल्या प्रत्येक वस्तूची मला हातात ओढ लागायची. पतंग वर गेल्यावर मांजा बोटाला ओढतो तशी. त्या पहिल्या रविवारी निघताना शुभदानं विचारलं, "आहेत का हो ते?" डॉक्टरांनी नाडी नाही म्हणून हात वर केले होते, आणि तू झिजतही नव्हतास, म्हणून गेला असंही म्हणता येत नव्हतं. सांगू शकणारा जगात मी एकटा. तिच्या चेहऱ्याकडे बघून मी म्हणालो, "आहेत. बारीक ओढ लागते." मुकुल, मला काही लागत नव्हतं. खांद्यावर पंख बसला त्या क्षणापासून हा हात नुसता मांसाचा आहे. पण त्यानंतर दर रविवारी ती विचारायची, "आज?" आणि मी म्हणायचो, "आहे." चौदा वर्षं. दोन हजार तेरामध्ये तिच्या भावानं एक चांगलं स्थळ आणलं होतं, विधुर, समजूतदार माणूस. ती मला म्हणाली, तुम्ही म्हणता ते आहेत, मग मी कशी जाऊ? मी तेव्हाही गप्प बसलो. दुष्ट होतो तेव्हा मी लोकांना पाच-दहा मिनिटं थांबवायचो. चांगला झाल्यावर हिला चौदा वर्षं थांबवली.

शुभदा गेली, मुकुल. श्रावणात, साध्या तापाचं निमित्त होऊन, चार दिवसांत. त्रेपन्न वर्षांची होती. तिला न्यायची तयारी चालली होती तेव्हा बिल्डिंगमधल्या बायका आत अडून बसल्या होत्या. हिरवं नेसवायचं की नाही, मळवट भरायचा की नाही, ओटी भरायची की नाही. नवरा असताना गेली तर ती अहेव, पण नवरा आहे का? शेवटी त्यांच्यातल्या शालनताई बाहेर जिन्यापाशी आल्या आणि सगळ्यांदेखत मला म्हणाल्या, "तुम्ही सांगा. आहेत ना मुकुलराव?" मी म्हणालो, "आहेत." मग तिला हिरवी साडी नेसवली, कपाळभर कुंकू लावलं. फार छान दिसत होती, तू बघायला हवं होतंस. स्वानंद मात्र माझ्याकडे एकटक बघत होता. त्याला बहुतेक बऱ्याच वर्षांपासून माहीत असावं.

तेराव्यानंतर त्यानं मला बसवून घेतलं. ही इमारत पाडून नवी बांधणार आहेत, दसऱ्यापर्यंत सगळ्यांनी जागा सोडायची. तो आणि देवयानी भाड्याचं घर शोधतायत, आणि तुला कुठे ठेवायचं हा प्रश्न आहे. एका एजंटानं विचारलं म्हणे, माणसं दोन की तीन, ते आधी ठरवून या. घरमालक तुझं नाव ऐकूनच फोन ठेवतात. मी म्हटलं, मानपाड्याला माझ्या खोलीवर नेतो मी त्यांना, मला कोण आहे? तो चिडला नाही. म्हणाला, "एकदा होते की काका ते तुमच्या हातात." मग म्हणाला, "मी जन्मापासून बाबांचं मूल नाही, त्यांचा रखवालदार आहे. मला एकदा रडून मोकळं व्हायचंय." त्यानं ठाण्याच्या कोर्टात अर्ज केला आहे, वडील हयात नाहीत असं जाहीर व्हावं म्हणून. साक्षीदार मी एकटा.

बुधवारी मला शपथ घालून विचारतील की हा माणूस आहे की नाही. स्वानंद म्हणाला, "खोटं बोला असं म्हणत नाही मी. खरं तेवढं बोला." खरं एवढंच आहे की मला ओढ लागत नाही. वकील म्हणाले, तेवढं पुरे. पण मला आता कशाचीच ओढ लागत नाही, तू असलास तरी लागणार नाही, आणि हे सांगायला गेलो की ते म्हणतात, विचारलं तेवढंच बोला. एका दिवाळीत फुलबाजीची ठिणगी तुझ्या शर्टावर पडली होती, डागही पडला नाही. तेव्हा तुला अग्नी लागणार नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. गुरुजींनी भूमी द्यायला सांगितली आहे. मुरबाडला तुमच्या भावकीच्या शेतात शनिवारी खड्डा खणतील. आणि नंतर कधीतरी, दहा वर्षांनी, शंभर वर्षांनी, तू आपोआप सुटलास तर डोळे उघडल्यावर तुझ्यावर माती असेल. म्हणून हे लिहिलं. तुझ्या खिशात ठेवावं म्हटलं तर खिसाही उघडत नाही, म्हणून मोठ्यानं वाचून दाखवतोय. तीनदा वाचून झालं. ऐकू येत असेल तर पापणी हलव, करंगळी हलव, माझ्या तोंडावर थुंक, काहीही चालेल. पोरं कल्याणला घर बघायला गेली आहेत, सहापर्यंत येतील. तोवर पुन्हा पहिल्यापासून वाचतो.

तुझाच, आणि आता दुसऱ्या कोणाचाही नसलेला,
गुरुदत्त