नैवेद्याआधीचा घास

अण्णा, गेल्या महिन्यापासून आपल्या घरात नैवेद्याच्या आधी पान वाढले जाते, आणि ते मीच वाढते. तुमच्या हयातीत असे कधी घडले नाही, म्हणून त्याची हकीकत तुम्हाला सांगणे मला भाग आहे.

सुनेला पाचवा महिना लागला तरी वजन चढेना, म्हणून डॉक्टरांनी तिला प्रसूतिगृहातल्याच आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवले. सोबत मी गेले, थोड्या अभिमानानेच. आपल्या स्वयंपाकघराला नावे कोण ठेवणार? बाई म्हणजे माझ्या एखाद्या विद्यार्थिनीची मुलगी शोभावी एवढ्याच वयाची. टेबलावर लहानमोठ्या तीन वाट्या, एक पळी आणि एक पेला मांडलेला. काल उठल्यापासून निजेपर्यंत पोटात काय काय गेले, ते क्रमाने आणि मापाने सांगायचे. पहिल्याच प्रश्नाला मी बोलू लागले, ताजे वरण, साजूक तूप, घरी विरजलेले दही. तोंडी परीक्षेत एकीचे उत्तर शेजारणीने द्यावे तशी. तिने पेन खाली ठेवले. "आजी, तुमचा कालचा दिवस नंतर विचारते हं. आधी यांना बोलू द्या."

मग सून सांगू लागली. सहाला चहा, नऊला पुन्हा चहा, आणि पहिला घास साडेअकराला. इतक्या उशिरा का, असे विचारताच म्हणाली, "आईंची पूजा तेव्हा होते ना." स्वरात तक्रार नव्हती, नळाला पाणी किती वाजता येते ते सांगावे, तसे ती सांगत होती. बाईने आदल्या रात्रीच्या जेवणापासून बोटांवर तास मोजले. चौदा भरले. कागदावरच्या एका चौकटीत तिने लाल खूण केली आणि माझ्याकडे वळून हसत म्हणाली, "आजी, तुमच्याकडे रोज एकादशी चाललीय आणि तुम्हालाच पत्ता नाही." पुढचे मात्र ती हसून बोलली नाही. रक्त कमी आहे, बाळाचे अंग भरण्याचे दिवस हेच आहेत, रिकाम्या पोटी चहा तर नकोच, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा वजन करू.

डोंबिवलीच्या घरापर्यंत रिक्षात मी तेच चौदा तास पुन्हा बोटांवर मोजले. उपाशी राहा, असे मी तिला कधी म्हटले नव्हते. शहाडच्या माहेरी ती उठताच चहा-चपाती खात असे, हेही मला ठाऊक होते. घरात पूजा चालू असता डबा उघडायचा नाही, हे तिने कोणी न सांगता उचलले. मीही माहेरी, कोपरीच्या आपल्या दोन खोल्यांत, ते तुमच्याकडून तसेच उचलले होते. मी नऊ वर्षांची आहे, शाळेची घाई आहे, स्तोत्र भरभर उरकते आहे. तुम्ही गंध उगाळता उगाळता थांबता आणि म्हणता, "देवाला गाडी पकडायची नाही." त्या दिवसापासून मी एक अक्षरही घाईने उच्चारले नाही. निवृत्तीनंतर तर तासाची पूजा अडीच तासांची झाली, आणि त्याचे मला भूषण वाटे.

गर्भिणीला अतिथींच्याही आधी जेवू घालावे, त्यात विचार करीत बसू नये, हे स्मृतिवचन तुम्हीच माझ्याकडून पाठ करून घेतले होते. पुढे शाळेत संस्कृत शिकवताना मी वर्षानुवर्षे मुलींना त्याचा अन्वय लावून दिला. माझ्या स्वतःच्या घरात मात्र त्याचा अर्थ एका परक्या मुलीने तीन वाट्या मांडून लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी सुनेपुढे नाचणीची भाकरी, लोणी आणि मुगाची उसळ ठेवली. तिने देवघराकडे पाहिले.

"आई, पूजा?"

"देव काही कुठे जात नाहीत. तू खा."

चार घास खाऊन ती थांबली. "एकटीला नाही जात हो आई. तुम्ही पण बसा ना."

मी बसले. ती पहिली भाकरी संपवीपर्यंत माझी दुसरी संपली होती. पंधरा दिवसांनी काटा हलला. बाईने नवी खूण हिरवी केली. वजन माझेही वाढले आहे, पण ते कोणी विचारले नाही.

हे पत्र कुठे धाडायचे नाही, म्हणूनच एवढे लिहिता येते. सुनेला सोबत म्हणून बसते, असे मी घरात सर्वांना सांगते. खरे तुम्हाला सांगते, अण्णा: कोपरीत तुमच्या शेजारी बसून स्तोत्र म्हणतानाही मला रोज भूक लागलेली असे.