अथेन्समधलं माझं मत

प्रिय धाकटे,

दादाने सामान भरायला पाठवलेली खोकी सकाळपासून दारात पडली आहेत. मशीनवर तुझ्या मावशीचा ब्लाउज अर्धा राहिलाय, आणि मी मात्र अथेन्समध्ये हिंडतेय. हसू नकोस.

वाचनालयातल्या पाश्चात्त्य इतिहासाच्या वर्गात मी अगदी मागे बसते. सर पडदे ओढतात, भिंतीवर चित्रं उमटतात आणि माझे डोळे जड होतात. झोप नव्हे गं, गुंगी. परवा एक संगमरवरी बाई दिसली, अंगभर चुण्या ल्यालेली. बाकीचे तिचे नाक-डोळे बघत होते, मी शिवण शोधत होते. शिवणच नाही! अख्खं कापड खांद्यावर नुसतं अडकवलेलं. जन्मभर कात्री चालवली, पण हे काही सुचलं नाही. वाटलं, आता ही भिंतीवरून उतरेल, शेजारी बसेल आणि विचारेल, बाई, तुम्ही एवढं कापता कशाला?

सर म्हणतात, ती माणसं गेली तरी आपल्यात उरली आहेत. सप्टेंबर म्हणजे मुळात सातवा. रोममध्ये महिने सरकले, नाव तसंच राहिलं, आणि आपण निमूटपणे त्याला नववा म्हणतो. मला हा घोळ फार आवडला. घरी येताना कोर्टाचे उंच खांब बघत चालले, तर पाय जमिनीला लागेनात. तुझे बाबा असते तर म्हणाले असते, हिला कुणीतरी रोमहून उचलून आणा रे.

काल वर्गात अथेन्सची लोकशाही शिकवून झाली. लोक टेकडीवर जमायचे, हात वर करायचे, निर्णय व्हायचा. मी डोळे मिटून तिथे पोचले. लख्ख ऊन, वारा. मीही हात वर केला, पण कुणी बघेचना. डोळे उघडले तेव्हा सर सांगत होते, बायकांना मत नव्हतं.

बाहेर येऊन फोन पाहिला. दादाने घरच्या ग्रुपवर लिहिलं होतं, आईने आमच्याकडे राहायला यायचं एकमताने ठरलं. खाली ताईचा अंगठा, मग तुझा.

तुमची माया कळते गं मला. एकटीला कधीकधी भीती वाटते, तेही खरं. पण या एकमतात माझं एक मत कुठेय? मला इथेच राहायचंय, माझ्या मशीनपाशी, माझ्या वर्गापाशी. दादा ऐकून घेणार नाही, ताई रडेल, म्हणून हे तुला एकटीला लिहितेय. रविवारी सगळे जमाल तेव्हा मी हात वर करणार आहे. तू माझ्याकडे बघ.

तुझीच, आणि अजून इथलीच,
आई