बाजूचं दार

रविवार, १३ मे २००१, दिलसुखनगर

दादाने नवी गाडी घेतली म्हणून आज सगळे शहराबाहेरच्या अम्युझमेंट पार्कात गेलो. माझा डावा पाय पोलिओचा, सलवारीखाली कॅलिपर. फार वेळ उभं राहवत नाही, म्हणून पाळण्यावरच्या माणसाने आम्हाला बाकावर बसवलं. रांगेत आमच्या पुढे असलेली बाई आत गेली की बाजूच्या दाराने या, म्हणाला. म्हणजे थांबलो सगळ्यांइतकंच. फक्त बसून.

दाराशी गेलो तर रांगेतला एक जण म्हणाला, "अच्छी भली चलरी ना? लाइन में आओ." मागचे हसले. मी सांगणार, तोच वहिनी वाकल्या आणि माझी सलवार गुडघ्यापर्यंत वर केली. "देख लो." सगळ्यांनी पाहिलं. सलवार वरच होती. रांगेतला तो म्हणाला, "जाने दो, लंगडी है."

वहिनी खूश. "झालं ना काम? उगाच लाजतेस." दादा दुसरीकडे बघत होता. त्याला ऐकू आलं नसेल? आलंच असेल.

पुढच्या पाळण्याशी तर कुणी काही विचारलंही नव्हतं. वहिनी वाकल्या. आणि मीच मुकाट्याने पाय पुढे केला.